जितके, तितके

पहिल्या चाचणीचे पेपर तपासायला बसलो होतो. बाहेर पागोळ्या गळत होत्या आणि दिवे दोनदा जाऊन परत आले होते. अशा वेळी शिक्षकाचे मन फारसे उदार नसते, हे शिक्षकांच्या घरातली माणसे चांगली जाणतात. सातवीच्या वर्गाला मी एक शाब्दिक उदाहरण घातले होते. एका दुकानदाराने आपल्याजवळच्या नारळांपैकी निम्मे देवळात दिले, मुळातल्यांचा तिसरा हिस्सा खानावळीला विकला आणि त्याच्याजवळ ७ नारळ उरले; तर मुळात नारळ किती? समीकरण मांडून सोडवा. गुण चार.

एका मुलाने समीकरण मांडलेच नव्हते. कोऱ्या जागेत मध्यभागी ४२ असा आकडा, आणि कडेला बारीक अक्षरात एवढेच : सहा धरले, एक उरला. मी लाल शाईने शून्य काढले आणि पान उलटले.

दुसऱ्या दिवशी तो टेबलापाशी येऊन उभा राहिला. त्याचा बाप आठवड्याच्या बाजारात नारळ-केळी घेऊन बसतो, आणि सुट्टीच्या दिवशी हिशोब या मुलाकडे असतो.

“गुरुजी, उत्तर चुकलं का?”

“उत्तर बरोबर आहे. समीकरण कुठे आहे?”

“ते नाही केलं. सहा धरले तर तीन देवळात, दोन खानावळीत, एक उरतो. इथं सात उरलेत. म्हणून सहाची सातपट.”

“असे काहीतरी धरून चालत नाही. ‘नारळांची संख्या क्ष मानू’ असे लिहायला हवे होते.”

तो थोडा वेळ वहीकडे पाहत राहिला. मग अगदी सरळपणे म्हणाला, “धरायचंच आहे, तर सहा का नको? क्षच का?”

मी त्याला जागेवर बसायला सांगितले. शिक्षकाला उत्तर येत नसले म्हणजे तो विद्यार्थ्याला बसायला सांगतो. नियमाने पाहिले तर माझे काही चुकले नव्हते. प्रश्नातच समीकरण मांडा असे स्पष्ट म्हटले होते. पण तो प्रश्न माझ्याबरोबर घरी आला, जेवताना शेजारी बसला आणि रात्री उशाशीही राहिला. शेवटी मी उठून कपाटातली ‘लीलावती’ काढली. पुढचे चार महिने मी सवडीने जे वाचत गेलो, ते या दिवाळीच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवीत आहे.

‘लीलावती’ हा भास्कराचार्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’चा पहिला भाग. दुसरा ‘बीजगणित’, आणि पुढचे दोन ग्रहगणित व गोलाध्याय. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इसवी सन १११४ मधला. आणि हा ग्रंथ त्यांनी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे ११५० साली पुरा केला. लीलावतीविषयी एक गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली असते. ती आचार्यांची मुलगी. तिच्या लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी त्यांनी घटिकापात्र मांडले. ती कुतूहलाने त्यात डोकावली, तिच्या दागिन्यातला मोती निसटून पात्राच्या भोकात बसला, पाणी आत यायचे थांबले आणि मुहूर्त टळून गेला. मग तिचे नाव अमर व्हावे म्हणून बापाने ग्रंथाला ते दिले. ही कथा भास्कराचार्यांनी कोठेही सांगितलेली नाही. अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ साली या ग्रंथाचे फारसी भाषांतर केले, त्याच्या प्रस्तावनेत ती आहे. कथा खरी असो वा नसो, एक गोष्ट मात्र मूळ ग्रंथातच आहे. तिथली उदाहरणे कोणाला तरी उद्देशून विचारलेली आहेत. कधी लहान मुलीला, कधी सखीला, कधी एखाद्या हिशोबी वाण्याला. शाब्दिक उदाहरण म्हणजे समोरच्या माणसाशी केलेले बोलणे आहे, हे आम्ही परीक्षेच्या धांदलीत विसरून गेलो आहोत.

त्या रात्री पाने चाळताना माझे बोट एका उदाहरणापाशी थांबले. निर्मळ कमळांचा एक ढीग आहे. त्याचा तिसरा हिस्सा शंकराला वाहिला, पाचवा विष्णूला, सहावा सूर्याला आणि चौथा देवीला; उरलेल्या ६ कमळांनी गुरूची पूजा केली; तर सारी कमळे किती? मी पेन्सिल घेतली आणि मनाशी म्हणालो, सहा धरणाऱ्या त्या पोराने हे कसे केले असते? त्याने साठ धरले असते. साठाचा तिसरा हिस्सा वीस, पाचवा बारा, सहावा दहा, चौथा पंधरा. बेरीज सत्तावन्न. उरली तीन. हवी आहेत सहा, म्हणजे दुप्पट. तेव्हा कमळे १२०. आणि आश्चर्याची गोष्ट म्हणजे भास्कराचार्यांनी हीच रीत सांगितली आहे! तिचे नाव इष्टकर्म. इष्ट म्हणजे आपल्या सोयीची कोणतीही संख्या. ती धरावी, उदाहरणात सांगितल्याप्रमाणे तिच्यावर सारे करावे, आणि जे येईल ते दिलेल्या आकड्याशी ताडून प्रमाण लावावे. आचार्य स्वतः एक धरतात, माझ्या विद्यार्थ्याने सहा धरले, एवढाच फरक.

म्हणजे ज्या रीतीला मी शून्य दिले, ती आमच्याच मातीतल्या सर्वांत मोठ्या गणितज्ञाने ग्रंथात गौरवाने मांडलेली होती. बरे, ती केवळ आमचीच होती असेही नाही. इजिप्तमधल्या लक्सर येथे १८५८ साली राइंड नावाच्या एका स्कॉटिश गृहस्थाने पपायरसची एक जुनी गुंडाळी विकत घेतली. आज ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. अहमोस नावाच्या लेखनिकाने ती इसवी सनापूर्वी सुमारे १५५० च्या सुमारास, त्याच्याही आधीच्या एका लेखावरून उतरून काढली. तीत एक उदाहरण असे आहे की, एक ढीग आणि त्याचा सातवा हिस्सा मिळून १९ होतात, तर ढीग केवढा? अहमोस सात धरतो. सात आणि त्याचा सातवा हिस्सा एक, मिळून आठ. हवेत एकोणीस. मग आठाला किती पटीत घेतले म्हणजे एकोणीस होतील ते काढून तितक्या पटीने सातालाही वाढवतो. उत्तर सोळा पूर्णांक पाच अष्टमांश. साडेतीन हजार वर्षांपूर्वी नाईलच्या काठी बसून एक माणूस माझ्या वर्गातल्या मुलासारखाच म्हणत होता, सात धरले.

इथवर आलो तेव्हा मला थोडे हायसे वाटले आणि थोडी लाजही वाटली. पण पोराचा प्रश्न उरलाच होता. सहा धरून भागते, तर क्ष कशाला? इष्टकर्म इतके सोपे असताना भास्कराचार्यांनी ‘बीजगणित’ हा दुसरा ग्रंथ लिहिण्याचे श्रम का घेतले?

त्याचे उत्तर त्याच ‘बीजगणिता’तल्या एका घोडेबाजारात मिळाले. दोन माणसे आहेत. एकाजवळ ३०० रुपये आणि ६ घोडे आहेत. दुसऱ्याजवळ तशाच किमतीचे १० घोडे आहेत, पण डोक्यावर १०० रुपयांचे कर्ज आहे. दोघांची मालमत्ता सारखी आहे. तर एका घोड्याची किंमत काय?

इथे काहीतरी धरून पाहा. घोडा १० रुपयांचा धरला, तर पहिल्याची मालमत्ता ३६० आणि दुसऱ्याची बरोबर शून्य, अंतर ३६०. आता दुप्पट, म्हणजे २० धरा. पहिल्याचे ४२०, दुसऱ्याचे १००, अंतर ३२०. अंदाज दुप्पट केला, पण दुसरे काहीच दुप्पट किंवा निमपट झाले नाही. कमळांच्या ढिगात प्रत्येक वाटा ढिगाचाच होता. ढीग वाढला की सारे त्याच प्रमाणात वाढत होते. इथे तीनशे रुपये आणि शंभराचे कर्ज ही दोन्ही घोड्याच्या किमतीला जुमानत नाहीत. ती आपल्या जागी ठाम उभी आहेत. त्यामुळे एका अंदाजावर प्रमाण लावून भागत नाही. चिनी आणि अरब गणितींनी अशा वेळी दोन अंदाज करून त्यांच्या चुकांवरून उत्तर काढण्याची युक्ती शोधली होती. दहा रुपये वाढवले की अंतर ४० ने घटते. ३२० घटवायला आणखी आठ वेळा दहा वाढवावे लागतील. म्हणून किंमत १००. युक्ती सुरेख आहे. पण उदाहरणात दोनऐवजी तीन अज्ञात आले, त्यांचे वर्ग आले, तर अंदाजांच्या या जंगलात माणूस हरवून जाईल.

भास्कराचार्य काय करतात? ते घोड्याची किंमत धरीतच नाहीत. ते तिला नाव देतात. ते नाव ‘यावत्-तावत्’. लिहिताना त्याचे पहिले अक्षर ‘या’. आणि जे आकडे उघड माहीत आहेत त्यांना ‘रूप’ म्हणतात, त्याचे ‘रू’. मग पहिल्या माणसाची मालमत्ता झाली : या ६ रू ३००. तिच्या खाली दुसऱ्याची : या १० रू १००, आणि हे शंभर ऋण आहेत हे दाखवायला त्यांच्या डोक्यावर एक टिंब. दोन ओळी, एकीखाली एक. मधे बरोबरचे चिन्ह नाही. एकीखाली एक लिहिल्या म्हणजेच त्या सारख्या. मग एका ओळीतले ‘या’ दुसरीतून वजा करायचे, आणि रूपे उलट बाजूने. याला ते समशोधन म्हणतात. राहिले या ४, रू ४००. किंमत १००. पहिल्याची मालमत्ता ९००, दुसऱ्याचीही ९००. ताळा जमला.

हे घोडे भास्कराचार्यांच्या पागेत जन्मलेले नव्हते. त्यांच्या साडेसहाशे वर्षे आधी, ४९९ साली, तेवीस वर्षांच्या आर्यभटाने आपल्या ‘आर्यभटीया’त नेमक्या याच प्रसंगाचा नियम एका श्लोकात घातला आहे. दोन माणसांची मालमत्ता सारखी. प्रत्येकाजवळ काही ‘गुलिका’ आणि काही रोख. रोखीतल्या फरकाला गुलिकांच्या संख्येतल्या फरकाने भागा, म्हणजे एका गुलिकेचे मूल्य मिळेल. घोड्यांना लावून पाहा. रोखीतला फरक, कर्ज धरून, ४००. घोड्यांतला फरक ४. भागाकार १००. गुलिका म्हणजे गोळी. जिची किंमत ठाऊक नाही अशी एक गोळी! अज्ञाताला हातात धरता येईल असे रूप देण्याची ती धडपड होती.

या धडपडीचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. पेशावरजवळच्या बख्शाली गावी १८८१ साली शेतात खणताना भूर्जपत्रांवरचे एक हस्तलिखित सापडले. आता ते ऑक्सफर्डला आहे. त्याच्या काळाबद्दल विद्वानांत अजून वाद आहे, पण ते फार जुने आहे यात वाद नाही. त्यात जी संख्या अजून काढायची आहे तिच्या जागी एक ठळक टिंब दिलेले असते. तेच टिंब शून्याचेही चिन्ह आहे. म्हणजे त्या लेखनिकाच्या मनात शून्याचे दोन अर्थ होते. एक, इथे काही नाही. आणि दुसरा, इथे काय आहे ते अजून कळलेले नाही. हे वाचले तेव्हा मला त्या पेपरवरचे लाल शाईचे शून्य आठवले. मी ते पहिल्या अर्थाने काढले होते.

टिंबाची अडचण अशी की, दोन गोष्टी अज्ञात असल्या तर दोन टिंबांत भेद कसा करावा? ६२८ साली ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ लिहिणाऱ्या ब्रह्मगुप्ताने अज्ञातांना वर्ण म्हटले आहे, आणि धन व ऋण यांच्या बेरजा-गुणाकारांचे नियमही त्यानेच स्वच्छ मांडले. भास्कराचार्यांच्या ग्रंथात पहिला अज्ञात यावत्-तावत्. पुढचे काळक, नीलक, पीतक, लोहितक, म्हणजे काळा, निळा, पिवळा, तांबडा. लिहिताना का, नी, पी, लो. आम्ही मुलांपुढे रूक्ष अक्षरे टाकतो. आमच्या पूर्वजांचे बीजगणित मात्र रांगोळीच्या डब्यासारखे रंगीत होते.

इकडे बगदादमध्ये, खलीफा मामूनच्या काळात, इसवी सन ८२० च्या आसपास, अल्-ख्वारिज्मीने एक ग्रंथ लिहिला. त्याच्या नावातल्या ‘अल्-जब्र’ या शब्दावरूनच इंग्रजी ‘अल्जिब्रा’ आला. त्यात चिन्हे अजिबात नाहीत, आकडेसुद्धा शब्दांत. अज्ञाताला तो ‘शय’, म्हणजे वस्तू, म्हणतो. आणि हा ग्रंथ कशासाठी? त्याचा मोठा भाग वारसाहक्काच्या उदाहरणांनी भरला आहे. अमुक माणूस वारला, त्याला इतके मुलगे, इतक्या मुली. एका परक्याला त्याने मृत्युपत्राने अमुक हिस्सा दिला. तर कोणाला किती? हिशोब चुकला तर भाऊ भावाचे तोंड पाहणार नाही, बहिणीचा हक्क बुडेल. शाब्दिक उदाहरणे म्हणजे मुलांना छळण्यासाठी शिक्षकांनी काढलेली टूम, असे ज्यांना वाटते त्यांनी हे ध्यानात घ्यावे. माणसांचे न्याय त्यांच्यावर अवलंबून होते.

ही ‘वस्तू’ इटलीत गेली तेव्हा ‘कोसा’ झाली. १५५७ साली रॉबर्ट रेकॉर्ड नावाच्या वेल्समधल्या वैद्याने आपल्या इंग्रजी बीजगणिताच्या पुस्तकाला ‘बुद्धीला धार लावायचा दगड’ अशा अर्थाचे नाव दिले. लॅटिनमध्ये ‘कोस’ म्हणजे निसणा. तेव्हा ही त्या ‘कोसा’वरची कोटी. त्याच पुस्तकात त्याने बरोबरचे चिन्ह प्रथम छापले : दोन समांतर रेघा, कारण त्यांच्याहून अधिक सारखे त्याला दुसरे काही सुचेना. १५९१ साली फ्रान्समध्ये व्हिएतने अज्ञातांसाठी स्वर आणि ज्ञातांसाठी व्यंजने वापरली. आणि १६३७ साली देकार्तने वर्णमालेतली शेवटची अक्षरे अज्ञातांना देऊन टाकली. तेच एक्स मराठी पुस्तकात ‘क्ष’ होऊन आले, आणि इतके घरचे झाले की ज्याचे नाव सांगायचे नाही त्याला आपण ‘क्ष व्यक्ती’ म्हणू लागलो. आता मराठी पुस्तकांतही एक्स छापतात. माझ्या पिढीच्या तोंडातून मात्र ‘क्ष’ जायला तयार नाही.

एवढा सारा खटाटोप एका अक्षरासाठी का? मला सुचलेले उत्तर असे आहे. युरोपात इष्टकर्माला ‘खोट्याचा नियम’ अशा अर्थाचे नाव होते, आणि ते फार बोलके आहे. सहा नारळ धरले म्हणजे आपण एक खोटे विधान करतो. दुकानदाराजवळ सहा नारळ नव्हते, हे आपल्याला ठाऊक असते. मग ते खोटे कुठे नेते ते पाहून आपण ते दुरुस्त करतो. हिशोब साधा असला तर दुरुस्ती सोपी, गुंतागुंतीचा असला तर अवघड. पण ‘जितके होते तितके’ म्हटले, की खोटे बोलावेच लागत नाही. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत प्रत्येक विधान खरे असते, आणि दुसरा कोणीही ते वाचून तपासू शकतो. आपल्याला एखादी गोष्ट माहीत नाही हे कबूल करायचे, आणि तरीही तिच्याबद्दल जे जे माहीत आहे ते बिनचूक बोलायचे, याचे नाव बीजगणित.

‘जितके होते तितके’ हे शब्द मी माझ्या पदरचे घातलेले नाहीत. यावत्-तावत् या संस्कृत शब्दांचा तोच तर अर्थ आहे : जितके, तितके. आणि याची मराठी साक्ष थेट भास्कराचार्यांच्या घराण्यापर्यंत जाऊन पोहोचते.

जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळ, सातमाळ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी पाटणे नावाचे गाव आहे. तिथल्या देवीच्या देवळातला एक शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला आणि १८६५ साली त्याविषयी लिहिले. भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर यादव राजांच्या पदरी होता, आणि लक्ष्मीधराचा मुलगा चांगदेव हा सिंघण यादवाचा ज्योतिषी. या चांगदेवाने आपल्या आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी पाटण्याला मठ काढला, आणि शके ११२८ मध्ये, म्हणजे १२०७ च्या सुमारास, निकुंभ घराण्यातल्या सोइदेव-हेमाडिदेव या मांडलिकांच्या आश्रयाने त्याला उत्पन्न लावून दिले गेले. लेखाचा बहुतेक भाग संस्कृतात आहे. पण दानाचा तपशील आला, की लेख जुन्या मराठीत उतरतो. कारण तो बाजारातल्या माणसांना कळायला हवा होता. पेठेत जो माल विकला जाईल त्यावरचा राजाचा हिस्सा मठाला; गिऱ्हाइकाकडून सुपाऱ्या; माल मापायचा तो मठाच्या मापाने, आणि मापाईत मठाचा व मापाऱ्याचा वाटा निम्मा-निम्मा. आणि तेलाविषयी असे, की गावात जितके घाणे चालतील तितक्यांमागे एकेक पळी तेल मठाला द्यावे.

घाणे किती ते लेखात सांगितलेले नाही. सांगता येणारच नव्हते. आज चार असतील, दहा वर्षांनी नऊ. तरी नियम पक्का झाला, दगडात कोरला गेला, आणि एक पळीसुद्धा इकडची तिकडे होण्याची सोय राहिली नाही. जितके घाणे, तितक्या पळ्या. मठाच्या आत शिष्य ‘यावत्-तावत्’ शिकत होते, आणि त्यांच्या दिव्यात जे तेल जळत होते ते मराठीतल्या ‘जेती-तेती’च्या हिशोबाने आलेले होते. त्या तेल्याने बीजगणित शिकले नव्हते. पण त्याची भाषा मात्र त्याच्या तोंडी होती.

हे लक्षात आल्यावर माझ्या शिकवण्यातली चूक मला दिसली. मी मुलांना ‘क्ष मानू’ हे मंत्रासारखे पाठ करायला लावीत होतो. क्ष हे कोणत्या वाक्याचे संक्षिप्त रूप आहे, ते कधी सांगितलेच नव्हते. परिणाम असा होई, की मांडलेले समीकरण मुले भराभर सोडवीत, आणि शब्दांतले उदाहरण पाहिले की पेन खाली ठेवीत. आम्ही म्हणत असू, गणित कच्चे आहे. गणित कच्चे नव्हते. गोष्ट वाचून तिच्यातले ‘जितके’ कोणते आणि ‘सारखे’ कोणाशी, एवढे दोन प्रश्न विचारायची सवय आम्ही लावली नव्हती. समीकरण या शब्दाचा अर्थच सारखे करणे. कोणत्या दोन गोष्टी सारख्या आहेत ते एकदा सापडले, की पुढचे काम हाताचे आहे. सापडेपर्यंतचे काम बुद्धीचे. भास्कराचार्यांनीही बजावून ठेवले आहे की वर्ण आणि अक्षरे म्हणजे बीज नव्हे. खरे बीज ती बुद्धीच.

सहामाहीनंतर एके दिवशी मी त्या मुलाला थांबवून घेतले. जुना पेपर मागवला, आणि शून्य खोडून चारपैकी तीन गुण दिले. चौथा का नाही, असे त्याने विचारायच्या आत मी त्याला घोड्यांचे उदाहरण घातले. त्याने दहा धरले, मग वीस धरले, मग कपाळाला आठ्या घातल्या. मी म्हटले, “धरू नकोस. घोडा जितक्याचा असेल तितक्याचा असू दे.”

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “गुरुजी, दोघांचेही सहा-सहा घोडे बाजूला बांधू. पहिल्याकडं राहिले रोख तीनशे. दुसऱ्याकडं चार घोडे, आणि शंभराचं कर्ज. ते कर्ज फेडूनही त्याच्याकडं तीनशे उरायला पाहिजेत. म्हणजे चार घोडे चारशेचे. शंभराला एक!”

त्याने ना क्ष लिहिला, ना या. पण सहा-सहा घोडे बाजूला बांधले तेव्हा आचार्यांचे समशोधन झाले होते. मी त्याच्याच शब्दांखाली एकेक ओळ समीकरणाची लिहीत गेलो, आणि तो पाहत राहिला. शेवटी म्हणाला, “हे तर मी बोललो तेच आहे.” चौथा गुण मी तेव्हा दिला.

दिवाळी आहे, तेव्हा वाचकांनाही एक उदाहरण घालतो. फराळाच्या ताटाशी बसून घरातल्या मुलांबरोबर सोडवावे. दोन जावांनी सारखेच लाडू वळले. थोरलीचे पाच डबे काठोकाठ भरून वर १२ लाडू सुटे राहिले. धाकटीला सात डबे भरायचे होते, पण सातवा पुरा भरायला ८ लाडू कमी पडले. डबे सारे सारख्याच मापाचे. तर एका डब्यात लाडू किती मावतात?

उत्तर मी देत नाही. कोणी पाच धरून पाहील, कोणी पंधरा, त्यांना हसू नये. अहमोसच्या काळापासूनची ती वाट आहे. आणि ज्याला वाट सापडणार नाही त्याच्या कानात एवढेच सांगावे : धरू नकोस, जितके मावतात तितके मावू देत. पुढचे तो आपणच करील.